खास गाडी काढावी असं जेवण

‘फाइन डाइन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झुंबरं आणि मंद दिवे येतात. ताटात मात्र तेच पनीर! मिशेलिन गाइड 1900 साली फ्रान्समध्ये एका टायर कंपनीनं काढलं, लोकांनी गाड्या काढून फिरावं म्हणून. त्याचे तारे फक्त पदार्थांना मिळतात, सजावटीला नाही. तीन तारे म्हणजे केवळ जेवायला म्हणून प्रवास करावा असं ठिकाण.

डोकमर्डीहून असा प्रवास करायचा, तर माझं मत उदवाड्याला. वापी ओलांडली की थोडं पुढे. इराणशाहचा पवित्र अग्नी 1742 पासून इथे आहे. तिथे आपल्याला आत जाता येत नाही, पण ग्लोब किंवा आशीषवांगचं पारशी जेवण सगळ्यांसाठी आहे. हिरवी चटणी लावून केळीच्या पानात वाफवलेली पात्रा नी मच्छी, बटाट्याच्या कुरकुरीत काड्या पसरलेलं साली बोटी, शेवटी लगन नू कस्टर्ड. तळलेली बोई मासळी मिळाली तर सोडू नका. सुट्टीच्या दिवशी आधी फोन करून जा.

मुलांना न्यायचं तर लवकर न्या. 2011 च्या जनगणनेत देशभरात पारशी होते फक्त 57,264. पाककृती यूट्यूबवर सापडेल हो, पण तो हात?

मासे हवेत आणि समुद्रही, तर दमण आहेच. फक्त परतताना डिकीत बाटली नको, मध्ये गुजरात लागतो!