दोनशे रुपये आणि एक सभापती

माझ्या पगाराच्या स्लिपवर कपातींच्या रकान्यात ‘पीटी २००’ अशी एक ओळ असते. फेब्रुवारीत तीनशे. नेऱ्यातल्या आमच्या सोसायटीत बहुतेक सगळे हिंजवडीला कामाला. गेल्या निवडणुकीच्या दिवसांत पार्किंगमध्ये गप्पा रंगल्या होत्या: आपल्या टॅक्सवर फुकटे पोसले जातात. मीही मान हलवली. ही दोनशेची ओळ स्लिपवर कुठून आली, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

ती आली १९७५च्या व्यवसाय कराच्या कायद्यातून, आणि तो कर लावला गेला रोजगार हमी योजनेसाठी. म्हणजे शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, आणि तेवढीच रक्कम सरकारने घालायची. या योजनेमागचा माणूस वि. स. पागे. तासगावकडचे, कायदा शिकलेले, १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं विधान परिषदेचे सभापती. सभापतीच्या हातात ना खातं ना निधी. त्यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला आधी प्रयोग करायला लावला, मग योजना राज्यभर गेली. १९७७ साली दोन्ही सभागृहांनी कायदा मंजूर केला, २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला.

कायद्याचा माणूस इथे दिसतो. दुष्काळी कामं इंग्रजांच्या काळापासून निघत होती, पण कधी काढायची ते कलेक्टर ठरवणार. या कायद्याने ते उलटं केलं. मजुराने काम मागायचं, पंधरा दिवसांत ते मिळालं नाही तर सरकारने बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता दिवसाला किमान एक रुपया, म्हणजे थट्टाच. मस्टरवर बोगस नावं चढली, मुकादमांनी पैसे खाल्ले, हेही खरं. पण सरकार मजुराचं देणेकरी झालं, तेही कागदावर. केंद्राला असा कायदा करायला २००५ साल उजाडलं.

माझी आजी आटपाडीची. बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडली, पुढे रोजगार हमीवर पाझर तलावाची माती वाहिली. मला दोन्ही एकच वाटायचं. ती म्हणते, ‘‘बहात्तरला काम निघायची वाट बघत बसायचो. मागनं आम्ही बाया मिळून काम मागाय जायचो.’’ तिला पागे हे नाव माहीत नाही. मला तरी कुठे होतं?

आणि आता आपण आमदाराला काय विचारतो? नेरे भोर मतदारसंघात येतं. मतं मागायला आले तेव्हा आम्ही इंजिनिअर लोकांनी यादी दिली: रस्ता, टँकर, मारुंजीकडचा ट्रॅफिक. ग्रामपंचायतीपासून पीएमआरडीएपर्यंत ज्याची त्याची ही कामं, यादी मात्र आमदाराच्या हातात. पाच वर्षांत कुठलं विधेयक वाचलंत, कशावर बोललात, हे एकानेही विचारलं नाही. मग तेही भूमिपूजनाचे फ्लेक्स लावतात. मागणी तसा पुरवठा.

सभागृहात वकील आजही कमी नाहीत. पण गेल्या काही वर्षांत राज्यातली उत्तमोत्तम वकिली कशात खर्ची पडली? दहाव्या अनुसूचीत. पक्ष कुणाचा, व्हीप कुणाचा, अपात्र कोण. २०२२च्या जूनमधल्या फुटीचा निकाल अध्यक्षांकडून यायला १० जानेवारी २०२४ उजाडला. मजुराला पंधरा दिवसांत काम द्या म्हणणाऱ्या राज्यात आमदारांचा पक्ष ठरवायला दीड वर्ष लागलं, आणि आमच्या ऑफिसात त्यावर मीम फिरले. मीही दोन पाठवले.

पार्किंगमधल्या मित्रांना मी ती ओळ दाखवली. एक म्हणाला, ‘‘दोनशेच ना, सोड.’’ दुसऱ्याने विचारलं, याचं रिफंड मिळतं का.

घरी आजीला सांगितलं, तुझ्या तलावासाठी माझ्या पगारातून कापतात. ती म्हणाली, ‘‘आन् माझ्या तळहाताची कातडी गेली, ती कुठल्या कागदावर मांडली रं?’’