उसातला वाघ आणि कोर्टातली तारीख

सांगली जिल्ह्यातला वाळवा तालुका तसा भाग्यवान. क्रांतिसिंह नाना पाटील इथल्या येडेमच्छिंद्रचे, अण्णाभाऊ साठे इथल्या वाटेगावचे. याच तालुक्यातल्या बोरगावचे बापू बिरू वाटेगावकर. त्यांच्या नावावर खून होते आणि जन्मठेपही होती. तरी २०१८ च्या जानेवारीत नव्वदी ओलांडून ते गेले, तेव्हा कृष्णाकाठ हळहळला. ‘बोरगावचा ढाण्या वाघ’ गेला, असेच लोक म्हणाले.

गोष्ट गावोगाव जवळपास एकाच चालीत सांगितली जाते. गावात एक गुंड माजलेला. बायाबापड्यांना रस्त्याने जाणे मुश्कील. तक्रार करायची सोय नाही, केलीच तर ती करणाऱ्याच्याच अंगलट यायची. एक दिवस तालमीत घुमलेला बापू उठतो आणि त्याचा निकाल लावतो. पुढे सुमारे पंचवीस वर्षे फरार. पोलीस पांदीने आले की बापू उसात, उसाला वेढा पडला की बापू नदीपार. पोटचा मुलगा वाईट वळणाला लागला, तर त्यालाही सोडले नाही, हा प्रसंग आला की ऐकणारे गप्प होतात.

या गोष्टीत श्रीमंताला लुटून गरिबाला वाटण्याचा भाग फारसा नाही. ‘बँडिट्स’ या १९६९ च्या पुस्तकात एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने अशा लोकप्रिय दरोडेखोरांची जगभरची उदाहरणे गोळा केली आणि त्यांची मुळे शेतकरी समाजाच्या पिळवणुकीत शोधली. ते बरोबरच आहे. पण कृष्णाकाठच्या माणसाला बापूंचे अप्रूप वाटते ते पैशाच्या वाटपाचे नव्हे, निकालाचे. तालुक्याच्या कोर्टात बांधाचा दावा बापाने लावावा आणि मुलाने तारखा कराव्यात, हे जिथे घरोघरी चालते, तिथे सकाळी तक्रार आणि संध्याकाळी निवाडा करणारा माणूस देवासारखा वाटणारच. त्यात या भागाला त्याची आठवणही होती. १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायनिवाडे केले, गुंडपुंडांचा बंदोबस्त केला. ते सरकार गेले आणि पुन्हा फौजदाराची वाट पाहणे नशिबी आले.

अर्थात, पंचवीस वर्षे लपायला नुसता ऊस पुरत नाही, भाकरीही लागते. अपरात्री कडी वाजली की कुणीतरी उठून चूल पेटवलेली असते. त्यातली किती भाकरी मायेने थापली आणि किती धाकाने, हे शाहिराच्या डफावर ऐकू येत नाही. मारल्या गेलेल्यांच्या घरची बाजू तर कुठल्याच वगनाट्यात नाही. बापूंवर चित्रपट निघाला. उतारवयात ते माळकऱ्यासारखे राहून लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगत, त्याच्या चित्रफिती आजही मोबाइलवर फिरतात. म्हातारपणापर्यंत टिकलेला फरारी विरळाच, आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगायला मिळालेला त्याहून विरळा.

बहुतेकांना ती संधी मिळत नाही. उमाजी नाईकांचे पहिले सविस्तर चरित्र लिहिले कॅप्टन मॅकिंटॉश या त्यांच्याच मागावर असलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने, १८३३ मध्ये. पेशवाई बुडाल्यावर पुरंदर परिसरातल्या रामोशांची राखणदारी आणि वतने गेली, त्यातून उमाजींचे बंड उभे राहिले. इंग्रजांनी बक्षीस लावले, अखेर आपल्यातलेच फुटले आणि उमाजींना ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिले. निमाडच्या तंट्या भिल्लाचीही तीच तऱ्हा: फितुरीने पकड, १८८९ च्या डिसेंबरात जबलपुरात फाशी. इंग्रजांच्या दप्तरात दोघेही दरोडेखोर. आज एकाची सरकारी जयंती होते, तर दुसऱ्याचे नाव महूजवळच्या पातालपाणी स्थानकाला देण्याची घोषणा झाली. दगा झाला म्हणजे नायक हरला नाही, एवढे समाधान ऐकणाऱ्याला मिळते. लोककथेला असा शेवट मानवतो.

पण इंग्रज समोर असताना नायक ठरवणे सोपे होते. समोर शेजारची जात असली की गाडे अडते. चंबळचा मानसिंह १९५५ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला. त्याच्या खेडा राठौर गावात त्याचे मंदिर आहे. फुलनदेवीने १९८३ मध्ये भिंडला हजारोंच्या गर्दीसमोर शस्त्र ठेवले, १९९६ मध्ये मिर्झापूरने तिला लोकसभेत पाठवले. मल्लाहांना ती आपल्यावरच्या अत्याचारांचा हिशेब चुकता करणारी लेक वाटली, ठाकुरांना वीस माणसांची मारेकरी. २००१ मध्ये दिल्लीत तिला गोळ्या घालण्यात आल्या. त्या खुनात जन्मठेप झालेला शेरसिंह राणाही पुढे आपल्या समाजातल्या अनेकांचा नायक झाला, मिरवला गेला. एकाच गोळीबारातून दोन बाजूंना दोन नायक निघतात, तेव्हा लोकांना न्याय हवा होता की आपल्या माणसाने केलेला न्याय हवा होता, हा प्रश्न टाळता येत नाही. आपल्याकडे जेलमधून सुटलेल्या गावगुंडाची जेसीबीतून फुले उधळत मिरवणूक निघते, तेव्हाही तोच प्रश्न असतो. फक्त तिथे न्यायाचे नावसुद्धा कुणी घेत नाही.

आणि बेहमई? १४ फेब्रुवारी १९८१ ला ज्या गावात ती वीस माणसे ओळीने उभी करून मारली, तिथल्या विधवांना फुलनच्या लोकप्रियतेशी काही देणेघेणे नव्हते. त्या कोर्टाकडे डोळे लावून बसल्या. निकाल लागला १४ फेब्रुवारी २०२४ रोजी, बरोबर ४३ वर्षांनी. एकाला जन्मठेप झाली, एक पुराव्याअभावी सुटला. बाकीचे बहुतेक आरोपी तोवर मरून गेले होते, आणि साक्षीदारही.