दगडावर नांव कोणाचें?



श्रीशाहू छत्रपतींच्या स्मरणाची पाटी बसवावयाची आहे, मजकूर लिहून द्या, म्हणून हुपरीच्या बाजूचे चार पुढारी मजकडे आले. मीं तो लिहून दिला. वाचून त्यांनीं विचारलें, "मास्तर, वर्गणीदारांचीं नांवें कोठें?" दोन हातांचा दगड, त्यांत महाराजांस जागा वीतभर, बाकी सारी देणगीदारांस!

म्हणून एक जुनी हकीकत सांगणें प्राप्त आहे. गंगाराम कांबळे हा दरबारच्या पागेंतील नोकर. अस्पृश्य असून हौदाच्या पाण्यास शिवला म्हणून त्याला गुरासारखें मारलें. मारणारे ब्राह्मण नव्हते. आपलेच मराठे होते! महाराजांनीं त्यांस शासन केलें, गंगारामास कोल्हापुरांत चहाचें दुकान काढून दिलें, आणि स्वतः त्याच्या हातचा चहा पिऊन सोबतच्या मंडळींसही पाजला. महाराज ६ मे १९२२ रोजीं वारले. १९२५ सालीं त्यांचें पहिलें स्मारक कोल्हापुरांत उभें राहिलें, तें ह्या गंगारामाच्या व त्याच्या अस्पृश्य बांधवांच्या पुढाकारानें. तेव्हां आपले मानकरी कोठें होते?

माणगांव आपल्याहून लांब नाहीं. तेथें मार्च १९२० मध्यें अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष डॉ. आंबेडकर, हेच तुमचे पुढारी, असें महाराजांनीं तेथें भरसभेंत सांगितलें. त्याआधीं १९१९ सालींच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सर्व मुलें एका शाळेंत बसविण्याचा हुकूम त्यांनीं काढला होता.

आज माझ्या शाळेंत मुलें एकत्र बसतात खरीं. पण परवां दुपारीं डबा खातांना एका मुलीनें दुसरीच्या तांब्यांतलें पाणी नाकारलें. कां, म्हणून विचारतां म्हणाली, "घरीं सांगितलंय." तिच्या घरचें नांव वर्गणीच्या यादींत पहिलें आहे!

भिक्षुकशाहीस नांवें ठेवणें सोपें. तीच आपल्या माजघरांत नांदते तिचें काय? आपला कारागीर चांदी आटविल्यावांचून तिचा कस मानीत नाहीं. मग माणसाचा कस नुसत्या पावतीवर कसा मानावा?

मजकूर मी बदलणार नाहीं. ज्यांस दगडावर नांव हवें, त्यांनीं जिचें पाणी नाकारलें त्या मुलीच्या घरीं बायकामुलांसह जाऊन चहा पिऊन यावें. जे जातील, त्यांचीं नांवें मी माझ्या पगारांतून कोरवीन.

— एक खेड्यांतील शाळामास्तर