मेलेल्यांची मजुरी

दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता आणि टीव्हीचा ताबा अर्थातच त्याच्याकडे होता. एके दुपारी पडद्यावर फाटक्या कपड्यांतली, मान कललेली, नजर हरवलेली माणसे पाय ओढत चालली होती आणि धडधाकट माणसे त्यांच्यावर बंदुका झाडत होती. ही 'झॉम्बी', म्हणजे मेलेली पण चालतीफिरती माणसे, असे नातवाने समजावून सांगितले. सौभाग्यवती मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून एकदा पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अहो, ही तर तुमची नोव्हेंबरची रांग!"

वाचकांपैकी जे पेन्शनर आहेत त्यांना याची फोड करून सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. सरकारी पेन्शन घेणाऱ्याने दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात आपण जिवंत असल्याचे सिद्ध करायचे असते. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. काउंटरपुढे उभा राहून खोकणारा माणूस हा त्याच्या हयातीचा पुरावा नव्हे. कागद हा पुरावा. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आले आणि कागदाच्या जागी बोटाचा ठसा आला. मग ज्यांची बोटे आयुष्यभर फावडे, विटा आणि धुण्याची पावडर यांत झिजली, त्यांचे ठसे यंत्राला दिसेनात. ज्याने जन्मभर हातांनी काम केले तोच यंत्राच्या लेखी संशयित मृत, आणि माझ्यासारख्या खुर्चीवर बसलेल्याचा अंगठा मात्र पहिल्या फटक्यात जिवंत.

बँकेत सदतीस वर्षे मी ही रांग पाहिली. आजवर या अर्धवट मेलेल्या वर्गाची बाजू कोणत्याही पक्षाने वा युनियनने मांडलेली नाही. ती मांडण्याचे काम आज मी अंगावर घेत आहे.

पण आधी पडद्यावरच्या त्या बापड्यांविषयी. झॉम्बी मूळचा हैतीचा. कॅरिबियन समुद्रातला हा देश फ्रेंचांच्या ताब्यात होता, तेव्हा आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम तिथे उसाच्या मळ्यांत राबत. १७९१ मध्ये त्यांनी बंड केले आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र झाला. त्या गुलामांना एकच आशा असे, की मेल्यावर तरी आपला आत्मा आफ्रिकेला परत जाईल. ही परतीची वाटही ज्याची कोणी अडवली, तो झॉम्बी. मांत्रिकाने त्याला थडग्यातून उठवायचे आणि मळ्यावर जुंपायचे. हैतीचा शेतकरी झॉम्बीला भीत नसे. आपण झॉम्बी होऊ, याला भीत असे. मरणानंतरही मुकादम सुटणार नाही, ही ती भीती.

१९१५ ते १९३४ या काळात हैती अमेरिकी फौजेच्या ताब्यात होता आणि लोकांना रस्त्यांच्या कामावर वेठीने धरले जाई. याच काळात, १९२९ साली, विल्यम सीब्रूक या अमेरिकी लेखकाने हैतीवरच्या आपल्या पुस्तकात तिथे ऐकलेली एक हकिगत दिली. एक मुकादम झॉम्बींची टोळी घेऊन साखर कंपनीच्या उसात कामाला येतो. टोळी दिवसभर मुकाट राबते आणि मजुरी मुकादम घेऊन जातो. आपल्याकडची ऊसतोड ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की आपल्या मुकादमाला मंत्र लागत नाही, उचल पुरते.

या झॉम्बींना जेवण अळणी द्यायचे, असा नियम होता. मीठ पोटात गेले की त्यांना आपण मेल्याचे उमगते, असे म्हणत. मुकादमाच्या बायकोला दया आली. तिने त्यांना जत्रेला नेले आणि शेंगदाण्यासारख्या दाण्यांची मिठाई खायला दिली. तीत मीठ होते. टोळी उठली आणि डोंगरातल्या आपापल्या थडग्यांकडे चालू लागली. आपल्याकडे मात्र मीठ खाणारा मालकाशी इमान राखतो. खाल्ल्या मिठाला जागायचे ते आपण असे, आणि ते लोक तसे! लहानपणीच्या गोष्टीतले आपले भूतही "काम दे, नाहीतर तुला खातो" असे म्हणे आणि चतुर धनी त्याला अंगणातल्या वेळूवर चढ-उतर करायला लावी. त्या धन्याचे आपण कौतुक केले. भुताला मजुरी किती, हा प्रश्न त्या गोष्टीत कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

१९३२ च्या पहिल्या मोठ्या झॉम्बीपटातही ती माणसे साखर कारखान्यातच राबत होती. १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो यांचा चित्रपट आला आणि तेव्हापासून चालत्या मढ्यांची जात नरभक्षक ठरली. मुकाट राबत होता तोवर त्याची बातमी नव्हती. काम सोडून रस्त्यावर आला तेव्हा तो राक्षस झाला. संपांच्या बातम्या मी आयुष्यभर अशाच वाचत आलो.

आता घरची गोष्ट. ती सांगताना मला आनंद होत नाही.

एका तालुक्याच्या शाखेत मी अधिकारी होतो. तिथे एका बिडी कामगार बाईंचे खाते होते. नवरा सूतगिरणीत होता, त्याच्यामागे त्यांना थोडी पेन्शन येई. शाखेत त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या एक खातेदार होत्या. त्या वारल्या. मुलगा मृत्यूचा दाखला घेऊन आला आणि आमच्या लिपिकाने नोंद केली ती या बाईंच्या खात्यावर. संगणकावर ती तपासून मंजूर करणारा अधिकारी मी. दुपारचे साडेतीन वाजले असतील, मी पाहिले नाही. खाते गोठले, पुढच्या महिन्याची पेन्शन परत गेली आणि पाठवणाऱ्या कार्यालयानेही आमच्या शब्दावर विश्वास ठेवून बाईंना मृत करून टाकले.

महिन्याभराने त्या आल्या. चूक कळल्यावर मी त्यांना आत बसवले, "मावशी, चहा घ्या" म्हणालो. त्यांनी चहा घेतला नाही. म्हणाल्या, "साहेब, मी मेले असं तुमचा कागद म्हणतो ना? मग बिडीवाल्या शेठला तसं कळवा. तो रोज हजार बिड्या मोजून घेतोय. खराब म्हणून मूठभर बाजूला काढतोय. मेलेल्या बाईच्या बिड्या त्याला कशा चालतात?"

मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर नव्हते. 'हयात'चे 'मृत' करायला आम्हाला एक मिनिट लागले होते. 'मृत'चे 'हयात' करायला सात महिने लागले. तलाठ्याचा दाखला, पोलीस पाटलाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, वरिष्ठांची परवानगी. या सात महिन्यांत त्यांचे विजेचे बिल थांबले नाही, बचतगटाचा हप्ता थांबला नाही, बिड्या थांबल्या नाहीत. थांबले ते फक्त त्यांना मिळायचे होते तेवढेच. माझे काय झाले, असे कोणी विचारील. काही नाही. पुढच्या वर्षी बढती मिळाली.

मावशींना मी मारले ते निष्काळजीपणाने. उत्तर प्रदेशात आझमगढ जिल्ह्यातल्या लाल बिहारी यांना मारले ते ठरवून. साड्या विणणारा हा तरुण १९७६ मध्ये कर्जासाठी लागणारा दाखला काढायला महसूल कार्यालयात गेला, तेव्हा आपण मृत असल्याचे त्याला कळले. वडिलोपार्जित जमिनीच्या तुकड्यासाठी चुलत्याने लेखपालाला हाताशी धरून नोंद करवली होती. पुढची अठरा वर्षे लाल बिहारींनी जिवंत होण्यासाठी खर्च केली. पत्नीसाठी विधवेची मदत मागितली. स्वतःची अंत्ययात्रा काढली. लखनौच्या विधानसभेत पत्रके फेकली. १९८८ मध्ये अलाहाबादच्या पोटनिवडणुकीत विश्वनाथ प्रताप सिंहांविरुद्ध आणि १९८९ मध्ये अमेठीत राजीव गांधींविरुद्ध ते उभे राहिले. हेतू एवढाच, की उमेदवारी अर्ज स्वीकारला तर सरकारने आपल्याला जिवंत मानले असे होईल. गंमत पाहा, निवडणूक यंत्रणेने मृताचा अर्ज घेतला, अनामत रक्कमही घेतली. महसूल खाते मात्र आपल्या मतावर ठाम राहिले.

नावापुढे त्यांनी 'मृतक' लावले आणि मृतक संघ काढला, तर त्यांच्यासारखे आणखी मेलेले पुढे येऊ लागले. १९९४ मध्ये ते कागदावर जिवंत झाले. २००३ मध्ये त्यांना शांततेचे 'इग नोबेल' हे विनोदी पारितोषिक मिळाले, २०२१ मध्ये 'कागज' हा चित्रपट आला. जग हसले. मीही हसलो. पण अठरा वर्षे हा माणूस पोटासाठी राबतच होता ना? त्या श्रमाची नोंद कोणत्या वहीत आहे?

मते मागणाऱ्यांनाही मेलेल्यांचे वावडे कधी नव्हते. पूर्वी मेलेले मतदान करून जात, अशी तक्रार असे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बिहारच्या मतदार यादीच्या मसुद्यातून सुमारे ६५ लाख नावे गेली, त्यांतली सुमारे २२ लाख 'मृत' म्हणून. त्यांतले बहुतेक खरोखरच वारले असतील, हे मान्य. पण यादीत मेलेली दोन माणसे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्तींसमोर उभी करण्यात आली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आली ती आमची नोव्हेंबरची रांग.

तेव्हा मृतांच्या वतीने माझ्या काही मागण्या आहेत. सरकारच्या सर्व खात्यांनी मिळून एका माणसाची एकच मृत्युतारीख ठरवावी. पेन्शनला मेलेला माणूस वीजबिलालाही मेलेलाच असला पाहिजे. मृताच्या हातचे काम जो मालक मोजून घेतो, त्याने मृताचा भविष्यनिर्वाह निधीही भरावा. रोजगार हमीच्या हजेरीपटांवर वर्षानुवर्षे मजुरी उचलणाऱ्या मेलेल्यांच्या कहाण्या आपण ऐकत आलो. या कागदी जिवंतांची आणि आमच्या कागदी मृतांची अदलाबदल करून घ्यावी, तिजोरीवर एक पैशाचाही भार पडणार नाही. आणि जिवंत माणसाला मृत करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याचा दहावा स्वखर्चाने घालावा. नदीकाठी पिंड मांडून बसावे. कावळा शिवत नसेल तर हात जोडून म्हणावे, "तुमची पेन्शन थकबाकीसह चालू करतो." बघा शिवतो की नाही. हा नियम लागू झाला, तर पहिला पिंड मला मांडावा लागेल, याची जाणीव ठेवून हे लिहितो आहे.

मावशींचे खाते ज्या दिवशी पुन्हा उघडले, त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एक कागद मागितला. 'या बाई जिवंत आहेत' असे लिहून द्या म्हणाल्या. असा कागद देण्याची तरतूद बँकेच्या कोणत्याही परिपत्रकात नव्हती. मी साध्या कागदावर लिहून दिला, खाली सही केली, शिक्का मारला. त्यांनी तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून प्लॅस्टिकमध्ये घालून घेतला. माझी बदली झाल्यावरही रेशनच्या दुकानात आणि तहसील कचेरीत त्या आधी तोच पुढे करतात, असे शाखेतला शिपाई सांगत असे. बिड्या मोजून देताना तो दाखवावा लागत नाही.