विश्लेषण : इसबावर परस्पर आणलेले मलम महागात का पडते?

खाज सुटली की मेडिकलमध्ये जायचे, चट्टा दाखवायचा आणि दुकानदार देईल ते मलम लावायचे, ही सवय शहरांत आणि खेड्यांतही सर्रास दिसते. दोन दिवसांत आराम पडतो आणि तेच मलम नातेवाइकांनाही सुचवले जाते. मात्र अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. इसब म्हणजेच एक्झिमाच्या उपचारात स्टेरॉइडला स्थान आहे. पण निदान न होताच ते लावले तर आजार बळावू शकतो.

इसब म्हणजे नेमके काय?

त्वचेचा बाहेरचा थर भिंतीसारखा असतो. पेशी या विटा, तर त्यांमधील स्निग्ध द्रव्ये हे सिमेंट. इसबात ही भिंत कच्ची राहते. ओलावा बाहेर पडतो, साबण, धूळ यांसारखे त्रासदायक घटक आत शिरतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा भडकते. त्यातून लाली आणि खाज येते. खाजवल्याने भिंत आणखी ढासळते आणि चक्र सुरू राहते. काही रुग्णांत फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष कारणीभूत असल्याचे २००६ मध्ये समोर आले. घरात दमा किंवा ॲलर्जीची सर्दी असेल तर इसबाची शक्यता वाढते. इसब संसर्गजन्य नाही.

मिश्र मलमांचा धोका काय?

गजकर्ण किंवा नायटा बुरशीमुळे होतो. पण त्याचेही चट्टे लाल आणि खाजरे असतात. त्यामुळे बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टेरॉइड एकाच नळीत असलेले मलम ‘सगळ्यावर चालणारे’ म्हणून खपते. स्टेरॉइड दाह दाबते, खाज थांबते. बुरशी मात्र पसरत राहते. चट्ट्याची ओळखीची कडा पुसली गेल्याने निदानही अवघड होते. दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, जांघेत कायमचे व्रण उमटतात, चेहऱ्यावर मुरुमे आणि लाली येते.

कायदा काय सांगतो?

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड औषधे ‘शेड्यूल एच’मध्ये आणली. म्हणजेच ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली. त्यांत त्वचेची काही मलमेही होती. तरीही अनेक दुकानांत चिठ्ठी न विचारताच नळी हातात पडते.

मग इसब आटोक्यात कसा ठेवायचा?

उपचाराचा पाया आहे मॉइश्चरायझर. अंघोळ कोमट पाण्याने, थोडक्यात आणि सौम्य साबणाने करावी. अंग घासून न पुसता टिपावे आणि त्वचा ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे. त्वचा बरी दिसत असतानाही हे सुरू ठेवावे. खरखरीत उटणे, लोकरीचे कपडे, भांड्यांचा साबण यांचा थेट स्पर्श टाळावा.

डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडला मात्र घाबरू नये. भीतीपोटी अपुरे लावले तर इसब धुमसत राहतो. प्रौढाच्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेले मलम साधारण अर्धा ग्रॅम भरते. ते दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते. चेहरा, जांघ आणि लहान मुलांसाठी तीव्र स्टेरॉइड स्वतःच्या मनाने वापरू नये.

डॉक्टरांकडे तातडीने कधी जावे?

पू, पिवळसर खपल्या, ताप किंवा दुखरे फोड आले तर त्याच दिवशी दाखवावे. रात्री घरातल्या सगळ्यांनाच खाज सुटत असेल तर ती खरूज असू शकते. मिश्र मलम अनेक महिने वापरले असेल तर ते अचानक थांबवल्यावर त्रास उसळू शकतो. त्यामुळे लपवाछपवी न करता ती नळीच त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जावी. त्यावरील घटकांची नावे पाहूनच पुढचा उपचार ठरवणे सोपे जाते.