विरळ हवेतली धाव आणि रजेचा हिशेब

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पहाटे फेरफटका मारणाऱ्यांना अलीकडे एक दृश्य सरावाचे झाले आहे. कान्हेरीच्या चढावर घामाने निथळत धावणारे तरुण आणि त्यांच्या बरोबरीने पळणारे चाळिशी-पन्नाशीचे गृहस्थ आता नवलाईचे राहिलेले नाहीत. मुलुंडकरांना येऊरचे डोंगर जवळ आहेत आणि अंधेरीकर शनिवारी रात्रीच कर्जत-कसाऱ्याची गाडी पकडतात. २००४ साली मुंबईत मोठ्या मॅरेथॉनची सुरुवात झाली आणि धावणे ही मध्यमवर्गीयांची हौस बनली. २०१२ पासूनच्या सातारच्या स्पर्धेने या हौसेला घाटाची चढण दाखवली. आता ही हौस सुट्टीच्या निमित्ताने थेट हिमालयात पोहोचली आहे. या प्रवासाचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण त्यातील एका धोक्याकडे अजून पुरेशा गांभीर्याने पाहिले जात नाही.

हा धोका उंचीचा आहे. उद्यानातील सर्वांत उंच जागा जांभूळमाळ, तीही पाचशे मीटरच्या आतच. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. लेह शहर मात्र सुमारे ३,५०० मीटरवर वसले आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर दुसरे कळसूबाई ठेवले तरी लेहची पातळी गाठता येत नाही. सह्याद्रीतील सरावाने पाय आणि फुप्फुसे कणखर होतात, हे खरे. पण विरळ हवेची ओळख सह्याद्री करून देऊ शकत नाही, कारण तेवढी उंचीच त्याच्याकडे नाही.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण सर्वत्र सुमारे २१ टक्केच असते; उंचीबरोबर घटतो तो हवेचा दाब. लेहमध्ये तो समुत्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश उरतो, तर खारदुंग ला खिंडीत जेमतेम निम्म्यावर येतो. या टंचाईशी जुळवून घेण्यासाठी शरीर आधी श्वास वाढवते, मग मूत्रपिंडे रक्तातील आम्लतेचा तोल सांभाळतात आणि तांबड्या पेशींची भरीव वाढ होण्यास तर काही आठवडे लागतात. या प्रक्रियेला घाई मानवत नाही. घाई केल्यास डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश येथून सुरुवात होते आणि दुर्लक्ष झाल्यास फुप्फुसांत पाणी साठणे किंवा मेंदूला सूज येणे इथवर मजल जाते. ही अवस्था काही तासांत प्राणावर बेतू शकते.

येथेच धावपटूंचा एक गोड गैरसमज आड येतो. आपण ४२ किलोमीटर धावतो, तेव्हा उंची आपले काय बिघडवणार, असे त्यांना वाटते. वस्तुतः तंदुरुस्ती उंचीच्या आजारापासून संरक्षण देत नाही. उलट तंदुरुस्त माणूस पहिल्याच दिवशी जोर लावतो आणि अधिक लवकर अडचणीत येतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये, अवघ्या २,२४० मीटर उंचीवर, ऑस्ट्रेलियाचा विक्रमवीर रॉन क्लार्क दहा हजार मीटरच्या शर्यतीनंतर कोसळला. ती शर्यत जिंकली केनियाच्या नफ्ताली तेमूने आणि दुसरा आला इथिओपियाचा मामो वोल्दे. दोघेही उंच प्रदेशांतील देशांचे! जागतिक विक्रमवीराची ही गत, तर रोज लोकलने चर्चगेट गाठणाऱ्याने काय समजावे?

धोका वाढवतो तो प्रवासाचा वेग. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापासून २००३ पासून मॅरेथॉन होते. तेथे उंची ५,३०० मीटरहून अधिक असली, तरी स्पर्धक बहुधा दिवसेंदिवस चालत त्या तळावर पोहोचतात आणि ती वाटच शरीराला तयार करते. लेहला मात्र मुंबईकर विमानाने एका सकाळीत पोहोचतो. लडाख मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. तिच्यातील ७२ किलोमीटरची शर्यत खारदुंग ला ओलांडते. तिचे संयोजक स्पर्धकांना काही दिवस आधी येऊन राहण्याची अट घालतात, ती उगीच नव्हे. पण स्पर्धेबाहेर, सुट्टीत हौसेने डोंगर चढत धावणाऱ्याला अशी अट घालणारे कोणी नसते.

प्रश्नाचे मूळ आहे ते रजेच्या हिशेबात. नोकरदार माणसाला सलग आठ दिवस मिळणे मुश्कील. त्यात विश्रांतीचे दोन-तीन दिवस म्हणजे वाया गेलेले पैसे वाटतात. प्रवासी कंपन्या हे ओळखून असतात. सहलीच्या पत्रकात स्थळांची संख्या जितकी जास्त, तितकी नोंदणी अधिक. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली, हे योग्यच झाले. परंतु विश्रांतीचा दिवस वगळलेली सहल ग्राहकच मागत असेल, तर कोणते धोरण त्याला वाचवणार? केवळ स्पर्धेची शिस्तही पुरत नाही. चीनच्या गान्सू प्रांतात मे २०२१ मध्ये डोंगरी शर्यतीत अचानक हवामान फिरले आणि थंडीने २१ धावपटूंचा बळी घेतला. त्यांत नामांकित धावपटूही होते. डोंगरात उंचीइतकीच हवाही बेभरवशाची असते.

उपाय साधे आहेत. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस केवळ विश्रांती आणि सावकाश चालणे असावे. डोकेदुखी असताना वर जाऊ नये आणि ती वाढल्यास खाली उतरावे. तेच खरे औषध. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात, त्यांच्या भरवशावर वेळापत्रक आवळू नये. आयोजकांनी विश्रांतीचे दिवस पत्रकात ठळकपणे छापावेत आणि धावपटूंच्या मंडळांनी शर्यतीच्या वेळेइतकाच त्यांचा आग्रह धरावा.

सह्याद्रीत कोणी अडकले, तर मध्यरात्री दोर घेऊन धावून येणारी गिर्यारोहकांची पथके आहेत, हे आपले भाग्य. पण उंचीवर आजार गाठतो तेव्हा मदत पोहोचेपर्यंतचा वेळच अपुरा पडतो. उपनगरातल्या माणसाने आयुष्यभर वेळेशी शर्यत लावली आहे, ८.१२ ची लोकल चुकू नये म्हणून तो धावतो. पर्वत मात्र वेळापत्रक पाळत नाही. तेथे धावायचे असेल, तर आधी थांबायला शिकावे लागेल आणि त्यासाठी रजेच्या अर्जात दोन दिवस अधिक लिहावे लागतील.