चौकटीतले नाणे

चौकटी आखलेल्या पाटावर नाणे टाकावयाचे आणि ते कोणत्याही रेघेस न शिवता एका घरात पडले तर टाकणारा जिंकला, असा एक जुना खेळ आहे. फ्रान्समध्ये तो फरशीवर खेळत. बुफाँ नावाच्या फ्रेंच विद्वानाने १७३३ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे त्याचे गणित मांडले व १७७७ मध्ये ते छापून प्रसिद्ध केले. फेस्ताच्या फेरीत अथवा गावच्या जत्रेत असा पाट दिसला, तर मुलांच्या हाती पैसे देण्यापूर्वी आईबापांनी हे गणित समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

समजा, प्रत्येक घर ५ सेंटिमीटर लांबरुंद आहे आणि नाण्याची रुंदी अडीच सेंटिमीटर. घर नाण्याच्या दुप्पट आहे. तेव्हा निम्म्या वेळा तरी जिंकू, असे मनास सहज वाटते. पण मनाचा हा हिशेब खोटा आहे.

नाण्याचा मध्यबिंदू कोठे पडतो, तेवढेच पाहावे. नाणे रेघेस लागू नये म्हणून तो चारही रेघांपासून सव्वा सेंटिमीटरहून अधिक दूर हवा. घराच्या चारही कडांनी तेवढी पट्टी सोडून दिली, की आत अडीच सेंटिमीटर बाजूचा लहान चौरस उरतो. त्याचे क्षेत्रफळ ६.२५ चौरस सेंटिमीटर, तर सबंध घराचे २५. म्हणजे चारांत एकच वाटा. नेम न धरता नाणे टाकले, तर १०० वेळांत सुमारे २५ वेळा जिंकावे व ७५ वेळा हरावे. लांबीत निम्मे उरले, रुंदीतही निम्मेच उरले. निम्म्याचे निम्मे पाव होते, हे विसरल्यानेच फसगत होते. खरोखर निम्मी संधी हवी असेल, तर घराची बाजू नाण्याच्या सुमारे ३.४१ पट, म्हणजे येथे साडेआठ सेंटिमीटर हवी.

आता पैशांकडे वळू. एका फेकीस १ रुपया द्यावा आणि जिंकल्यास २ रुपये मिळावेत असा करार असेल, तर १०० रुपयांपैकी सुमारे ५० परत येतात. उरलेले ५० पाटवाल्याच्या पेटीत राहतात. बरोबरीचा व्यवहार व्हावयाचा, तर जिंकणाऱ्यास ४ रुपये मिळावयास हवेत.

आणखी एक भ्रम सांगून ठेवतो. पाच वेळा हरलो, आता सहावी फेक आपलीच, असे म्हणून पुष्कळजण दिवसाची मजुरी घालवून बसतात. नाण्यास स्मरण नसते. सहाव्या फेकीसही तोच पाव वाटा.

आमच्या शब्दावर विसंबू नका. मोठ्या कागदावर नाण्याच्या दुप्पट रुंदीची घरे आखा, मुलांना १०० वेळा नाणे टाकू द्या आणि प्रत्येक फेकीची खूण वहीत करा. घरच्या पाटावर हरलेले खिशातून जात नाही, आणि शिकलेले जत्रेत उपयोगी पडते.